बारा महिन्यांचा हिशेब

नोव्हेंबर-डिसेंबरात रत्नागिरीच्या कलमांवरची पालवी जून होत असते, एखाद्या फांदीला मोहोराची चाहूल लागते, आणि नेमक्या त्याच दिवसांत वाशीच्या फळबाजारात तयार हापूस मांडलेला असतो. हा हापूस मालावीचा. २०११ च्या सुमारास कोकणातून हापूसची कलमं आग्नेय आफ्रिकेतल्या त्या देशात गेली, तिथे मोठी बाग उभी राहिली आणि २०१८ पासून तिथली फळं मुंबईला येऊ लागली. विषुववृत्ताच्या दक्षिणेला ऋतू उलटे, म्हणून इकडे मोहोर तेव्हा तिकडे पाड. २०१८ च्याच ऑक्टोबरात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. ज्या वर्षी नावावर हक्क मिळाला त्याच वर्षी त्या नावाने ओळखलं जाणारं फळ परदेशातून बाजारात आलं, यावर बागायतदार चिडले. ते समजण्यासारखं आहे. पण मालावीचा आंबा रत्नागिरीच्या हंगामात येत नाही. रत्नागिरीच्या शेतकऱ्याचं खरं दुखणं त्याच्या स्वतःच्या हंगामात आहे, आणि त्याहून जास्त, हंगाम नसलेल्या दहा महिन्यांत आहे.

आफ्रिकेशी या जिल्ह्याचा व्यवहार हापूसच्या कितीतरी आधीपासूनचा. इथल्या डोंगरउतारांवर पिढ्यान्‌पिढ्या पिकलेली नाचणी मुळात पूर्व आफ्रिकेच्या उंच पठारांवरची. इथिओपिया-युगांडाच्या बाजूला माणसाच्या हाताखाली आलेलं हे धान्य हजारो वर्षांपूर्वी भारतात पोहोचलं. केनियात तिला विंबी म्हणतात आणि तिची पेज लहान मुलांना भरवतात. ज्वारी, बाजरी, चवळी, एवढंच काय, दारातली चिंचही त्याच खंडातून आलेली. माणसं उलट्या दिशेने गेली. कोकणी मुसलमान कुटुंबं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून केपटाउनला जाऊ लागली, आणि तिथे ‘कोकणी’ ही त्यांची ओळख आजही पुसली गेलेली नाही. आजच्या घडीला सगळ्यात मोठी देवघेव काजूची आहे. तिच्याकडे पुढे यायचंच आहे.

आफ्रिकेतली शेती म्हटलं की मराठी वाचकासमोर भेगाळलेली जमीन आणि मदतीची पोती येतात. हे चित्र चाळीस वर्षं जुनं आणि अर्धवट आहे. तुकड्या-तुकड्यांची जमीन, पावसावर सोडलेलं पीक, शहरात किंवा खाणीत गेलेला पुरुष, शेतात राहिलेली बाई, आणि कच्चा माल उचलून नेणारा बाहेरचा व्यापारी, असं ज्या आफ्रिकी खेड्याचं वर्णन करता येतं, ते लांजा-संगमेश्वरच्या वाडीला नावं बदलून लागू पडतं. म्हणून टिकाऊ शेती आणि तिच्यावर जगणारी माणसं हा विषय समजून घ्यायला रत्नागिरी ही चांगली जागा आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. टिकाऊ शेतीवरच्या व्याख्यानांत गांडूळखत, जीवामृत, देशी बियाणं असा क्रम ठरलेला असतो. त्यातलं काहीच वाईट नाही. पण रत्नागिरीत खताच्या आधी माणसाचा प्रश्न येतो. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ मध्ये ती १६,१५,०६९ भरली. त्याच दहा वर्षांत महाराष्ट्र जवळजवळ १६ टक्क्यांनी वाढला आणि हा जिल्हा आकसला. दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका, हे प्रमाण वाचून कुणी स्त्रीजन्माच्या स्वागताचं कौतुक करू नये. त्यात घरी नसलेल्या पुरुषांची मोजदाद आहे.

पावसाची इथे कमी नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत वाड्यांवर पाण्याचे टँकर फिरतात. कारण पायाखाली जांभा आहे. सच्छिद्र दगड, वर सड्यावर मातीचा पातळ थर, पुढे खडी उतरण आणि मग समुद्र. पडलेलं पाणी थांबतच नाही. ओढ्या-वहाळांवर पावसाळा सरताना सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून घातलेले वनराई बंधारे, किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठाने सुचवलेलं ‘कोकण जलकुंड’ हे या भूगोलाला दिलेलं उत्तर. जलकुंड म्हणजे बागेतच एक खड्डा खणून त्याला प्लास्टिकचा कागद लावायचा आणि पावसाचं पाणी साठवायचं, म्हणजे नव्या कलमांना पहिले दोन-तीन उन्हाळे तांब्याने का होईना, पाणी मिळतं. दिसायला किरकोळ गोष्ट. पण कातळावर लावलेलं रोप जगणं आणि मरणं यांतलं अंतर तेवढंच असतं.

या जमिनीवरची जुनी शेती दोन मजली होती. खाली मळ्यात, खाचरात भात. वर डोंगराच्या वरकस जमिनीवर नाचणी, वरी, हरीक. भात काढल्यावर ओलीवर कुळीथ, पावटा. आणि या सगळ्याच्या मुळाशी राब. थंडीत ऐन-किंजळीची कवळं तोडायची, ती वाळवून शेण, पातेरा, गवत यांच्या थरांत रचायची आणि पावसाच्या आधी तरव्याच्या जागेवर भाजावळ करायची. त्या भाजलेल्या जमिनीत तणाचं बी मरतं, राखेचं खत मिळतं आणि रोप जोमाने येतं. इंग्रजांच्या वन खात्याला हा प्रकार जंगलाची नासाडी वाटला. ठाणे-कुलाब्याकडे त्यावरून एवढी तक्रार झाली की मुंबई सरकारला १८८५ मध्ये त्यासाठी वन आयोग नेमावा लागला. रत्नागिरीत सरकारी जंगल जेमतेम, झाडं बहुतेक खाजगी मालकीची. म्हणून इथे तो झगडा तितका पेटला नाही. मात्र कवळं तोडून तोडून डोंगर उघडे पडले हेही खरं. राबाची बाजू घेणाऱ्यांनी ते नाकारू नये, आणि राबाला नावं ठेवणाऱ्यांनी हे विसरू नये की दुसरं खत विकत घ्यायला त्या घरात पैसाच नव्हता.

जुन्या शेतीची आठवण काढताना सूर हळवा होतो, तिथे जरा सावध राहावं. ती शेती घर चालवत नव्हती. १९५० मध्ये अंमलात आलेल्या कायद्याने खोती जाईपर्यंत पिकाचा मोठा वाटा खोताच्या कणगीत जात होता. खोती बंद करण्याचं विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्येच मुंबईच्या विधिमंडळात मांडलं होतं आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या कुळांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला होता. उरलेल्या दाण्यावर सहा महिने निघत. बाकीचे सहा महिने मुंबईच्या गिरणीतून आलेली मनीऑर्डर भरून काढी. गिरणगावात रत्नागिरीचा माणूस एवढा होता की १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाची झळ परळच्या जोडीला लांजा-राजापूरच्या चुलीलाही बसली. चाकरमानी गणपतीला यायचा तो नुसता सणाला येत नव्हता. घरच्या शेतीचा तोच भांडवलदार होता. संपानंतर ते भांडवल आटलं, आणि मग सरकारला आणि लोकांनाही दुसरा मार्ग शोधावा लागला.

त्याच्याही आधी एका माणसाने या प्रश्नाला निराळा हात घातला होता, त्याचा उल्लेख राहून जायला नको. कोकणचे गांधी म्हणून ओळखले गेलेले अप्पासाहेब पटवर्धन यांनी १९४८ मध्ये कणकवलीला गोपुरी आश्रम सुरू केला. कणकवली तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होती. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १९८१ मध्ये. मैल्याचं सोनखत, मेलेल्या जनावराच्या कातड्याचं आणि हाडांचं काम, हे सगळं अप्पांनी स्वतःच्या हाताने केलं, ब्राह्मणाच्या घरात जन्मून. त्यांच्या सोप्या संडासाची चेष्टा झाली. आज शेतातून गेलेला कस शेतात परत कसा आणायचा यावर जगभर परिषदा भरतात, आणि पश्चिम आफ्रिकेतही मूत्र व मैल्यापासून खत करण्याचे प्रयोग होतात. जातीच्या भिंतीला धडक न मारता मातीचा कस टिकवता येणार नाही, हे अप्पांना कळलं होतं. त्यांच्या नंतर खताचं तंत्र पुढे गेलं. भिंतीचं काय झालं यावर कृषी खात्याची पत्रकं बोलत नाहीत.

कोकणाचा चेहरा खऱ्या अर्थाने बदलला १९९० मध्ये. रोजगार हमी योजनेला फळबाग लागवड जोडली गेली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली ही हमी तोवर दुष्काळी भागात खडी फोडण्याची आणि नालाबांधाची म्हणून ओळखली जाई. आता शेतकऱ्याने आपल्याच वरकस जमिनीत खड्डे मारायचे, कलमं लावायची, जगवायची आणि त्याची मजुरी सरकारने द्यायची, असं ठरलं. शास्त्र तयारच होतं. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये स्थापन झालेलं, वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र त्याहून जुनं, १९५७ चं. कोय कलम आणि मृदुकाष्ठ कलमाच्या पद्धतींमुळे रोपवाटिकांतून लाखांनी कलमं निघू लागली. सडे हिरवे झाले. ज्या उतारावर चार मण नाचणी निघत नव्हती तिथे आंबा-काजू उभा राहिला. रोजगार हमीने उभ्या केलेल्या सगळ्या गोष्टींत, रस्ते आणि पाझर तलाव धरूनही, कोकणातल्या या बागा सगळ्यात जास्त टिकल्या. हे यश मान्य करूनच पुढची टीका करावी.

टीका अशी की सगळी अंडी एका पाटीत गेली. हापूसचं गणित पाहावं. झाड मूळचं वर्षाआड धरणारं. दरवर्षी आणि लवकर मोहोर यावा म्हणून पावसाळ्यात बुंध्याभोवती पॅक्लोब्युट्राझोल घालतात. बागेत त्याला कल्टारच म्हणतात. शिफारस विद्यापीठाचीच, मात्र मापात आणि भरपूर खतपाण्यासोबत. माप सुटलं, खत राहिलं, आणि पुष्कळ बागांत झाडं थकली. मग तुडतुडे, भुरी, थ्रिप्स यांच्यासाठी फवारण्या. फळमाशीसाठी ‘रक्षक’ सापळा हा विद्यापीठाचा स्वस्त आणि बिनविषारी उपाय, तो मात्र शेजारच्या दहा बागांनी एकदम लावला तरच चालतो. आणि कोकणात दहा शेजाऱ्यांचं एकमत होणं किती सोपं, हे कोकणी वाचकाला सांगायला नको. या माशीपायीच युरोपीय संघाने मे २०१४ मध्ये भारतीय आंब्यावर बंदी घातली होती, ती पुढच्या वर्षी उठली. अमेरिकेने २००७ पासून आंबा घेतला तो विकिरण केल्यावरच.

एवढं करून पैसा हातात येतो तो दीड-दोन महिन्यांत. मार्चमध्ये पेटी लागली तर भाव. मे उजाडला की पडेल भावाने फळ कॅनिंगला. ज्याला फवारणीचं आणि पेट्यांचं भांडवल परवडत नाही तो बाग कराराने देऊन मोकळा होतो, आणि मग स्वतःच्याच झाडाखाली परका. राखण करायला नेपाळी गडी येतात, पावसाळा सरला की बायकामुलांसह बागेत बिऱ्हाड करतात आणि मेअखेर परत जातात. फवारणी, झाडावर चढून झेल्याने उतरवणी, पेट्या भरणं, सगळं त्यांच्या हातून होतं. रत्नागिरीचा तरुण मुंबईत रखवालदारी करतो आणि त्याच्या गावची बाग नेपाळच्या डोंगरातला तरुण राखतो. अर्थशास्त्रज्ञ याला मजुरीतल्या फरकाचा परिणाम म्हणतील. तसा तो आहेही. तरी शेतीने आपल्या गावातल्या माणसाला का धरून ठेवलं नाही, याचं उत्तर त्यात पुरतं येत नाही. आठ महिन्यांचं काम आहे, पण ते गावातल्या माणसाला मानाचं वाटेल अशा रीतीने कधी बांधलंच गेलं नाही.

आणि आता हवामान. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान चक्रीवादळ आलं. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडच्या नारळी-पोफळीच्या आगरांत पिढ्यांची झाडं आडवी केली. पोफळ नव्याने लावून उत्पन्नाला यायला सहा-सात वर्षं जातात. मे २०२१ मध्ये तौक्ते, ऐन उतरवणीच्या तोंडावर. वादळं निदान दिसतात तरी. डिसेंबरातला अवकाळी पाऊस, लांबलेली उष्ण रात्र, दोनदा-तिनदा फुटणारा मोहोर यांचं नुकसान फोटोत येत नाही. हवामानावर आधारित फळपीक विमा आहे. त्याची भरपाई ठरते महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या आकड्यांवरून. केंद्र खाली बंदराजवळ आणि बाग वर सड्यावर असली की दोन्हीकडचं हवामान वेगळं, वाद मात्र एकच.

काजूची कथा आंब्याहून शांत आहे आणि माझ्या मते जास्त बोलकी. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून हे झाड गोव्याला आणलं आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मोझांबिकलाही नेलं. म्हणजे रत्नागिरीचा आणि मोझांबिकचा काजू सख्खे भाऊ. वेंगुर्ल्याच्या केंद्राने वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ अशा जाती दिल्या, मोठ्या बीच्या आणि भरघोस. हे झाड फारसं पाणी मागत नाही, कल्टार मागत नाही, वानरं हापूसइतका त्रास देत नाहीत. गरीब शेतकऱ्याचं फळझाड म्हणावं तर हेच.

मग अडतं कुठे? भारतातल्या कारखान्यांना लागते त्यातली निम्म्याच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त बी बाहेरून येते. आयव्हरी कोस्ट, घाना, बेनिन, टांझानिया इथून. एकटा आयव्हरी कोस्ट वर्षाला दहा लाख टनांच्या घरात काजू पिकवतो. ही बी बंदरात कोणत्या भावाने उतरते यावर लांज्याच्या बाजारातला भाव हलतो. इथला शेतकरी म्हणतो, आफ्रिकेच्या बीने आम्हाला मारलं. २०२४ मध्ये राज्य सरकारने काजू बीला किलोमागे दहा रुपये अनुदान जाहीर केलं ते याच ओरडीवर.

आता तिकडची बाजू. मोझांबिक १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जगातला सगळ्यात मोठा काजू उत्पादक होता आणि तिथे बी फोडणारे कारखाने होते. स्वातंत्र्य, मग यादवी युद्ध, यात झाडं आणि कारखाने दोन्ही मोडकळीला आले. १९९५ मध्ये जागतिक बँकेने कर्जाच्या अटींत कच्च्या बीच्या निर्यातीवरचा कर उतरवायला लावला. हिशेब असा की शेतकऱ्याला जास्त भाव मिळेल. बी जहाजात भरून भारतात आली, मोझांबिकचे कारखाने बंद पडले, हजारो कामगार, त्यांत बहुसंख्य बायका, घरी बसले. मॅकमिलन, रॉड्रिक आणि वेल्श या अर्थशास्त्रज्ञांनी नंतर मोजलं तेव्हा सरासरी काजू पिकवणाऱ्या घराला झालेला फायदा वर्षाला सहा डॉलरसुद्धा भरला नाही. मधला नफा व्यापाऱ्यांकडे राहिला. म्हणजे ज्या बीने आपण मेलो असं लांज्याचा शेतकरी म्हणतो, त्याच बीने मोझांबिकचा शेतकरीही तरला नाही.

ती बी फोडत कोण होतं? केरळात, कोकणात, गोव्यात, कमी मजुरीवर बसलेल्या बायका. काजूच्या टरफलात जळजळीत तेल असतं. ते बोटांची साल काढतं. राख किंवा तेल चोळून हात वाचवायचे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात आता छोटी छोटी प्रक्रिया केंद्रं बरीच झाली आहेत, काही बचत गटांची. पायाने दाबायची कटर यंत्रं आली, बॉयलर आले. टिकाऊ उपजीविकेचा इथला सगळ्यात भरवशाचा धागा हाच असावा, कारण बी साठवून ठेवता येते आणि बारा महिने फोडता येते. आंब्याला ही सवड नाही. पण साठवायला मार्च-एप्रिलमध्ये रोख भांडवल लागतं, आणि गटाला मिळणारं कर्ज नेमकं तिथे तोकडं पडतं. मग हंगामात बी घाऊक व्यापारी उचलतो, आणि पावसाळ्यात गट त्याच्याकडून चढ्या भावाने विकत घेतो. बोंडूंचं तर बोलायलाच नको. शेजारच्या गोव्यात त्यांची फेणी होते आणि तिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं; इकडे बहुतेक बोंडू झाडाखाली कुजतात.

भाताकडे येताना दोन माणसांची नावं घ्यावी लागतात. डॉ. नारायण सावंत यांनी चार सूत्री पद्धत मांडली: तूस-पेंढ्याची राख, गिरिपुष्पाचा पाला, आखून दिलेल्या अंतरावर लावणी आणि चार चुडांच्या मधोमध खोल खोवलेली युरिया-डीएपीची गोळी. पाण्याबरोबर वाहून जाणारं खत मुळाशी राहतं, म्हणून कमी लागतं. खत खोल पुरण्याचं हे तंत्र पुढे बांगलादेशात रुजलं आणि आफ्रिकेतल्या भातशेतीतही नेलं गेलं. दुसरे नेरळच्या सगुणा बागेचे चंद्रशेखर भडसावळे. त्यांच्या सगुणा भात तंत्रात नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणी नाही; गादीवाफे एकदा करायचे आणि दरवर्षी त्यांवरच टोकण, जुनी मुळं जमिनीतच कुजू द्यायची. लावणीला माणूस मिळत नाही हे वास्तव मान्य करून निघालेलं हे तंत्र आहे. त्याची भिस्त तणनाशकावर आहे, आणि रसायनमुक्तीच्या कडव्या पाईकांना ते खटकतं. खटकू दे. पड पडलेल्या खाचरापेक्षा थोडं तणनाशक मारून पिकलेलं भात बरं, असं ज्या घरात एकच म्हातारी आणि एकच सून उरली आहे त्या घराला वाटणारच.

पड जमीन हे तर सगळ्या गोष्टींवरचं झाकण. वानर, माकडं, रानडुकरं यांनी पीक ठेवलं नाही म्हणून शेत सोडलं, एकाने सोडलं म्हणून शेजाऱ्याच्या शेतावर दुप्पट धाड आली, त्यानेही सोडलं. नाचणी अशीच वरून खाली आटत आली. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या पुढाकाराने भरड धान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं. नाचणीची बिस्किटं शहरात चढ्या दराने विकली गेली, आणि ती पिकायची तो उतार कारवीने भरला.

सोडलेल्या जमिनीचं काय करता येतं, हे पश्चिम आफ्रिकेतल्या दोन उदाहरणांतून दिसतं. बुर्किना फासोमधल्या गुर्गा गावचे याकुबा सावाडोगो १९८० च्या दुष्काळी काळात जुने ‘झाई’ खड्डे सुधारून वापरू लागले. उन्हाळ्यातच कठीण जमिनीत खड्डे घ्यायचे, त्यात शेण-पाला टाकायचा, वाळवी तो खात जमीन पोखरते, आणि पहिल्या पावसाचं पाणी तिथेच मुरतं. लोकांनी वेडा म्हटलं, त्यांचं रान पेटवलं. त्यांनी पुन्हा लावलं, आणि धान्याच्या जोडीला जंगल उभं राहिलं. शेजारच्या नायजरमध्ये टोनी रिनॉडो या ऑस्ट्रेलियन कार्यकर्त्याला १९८३ मध्ये उमगलं की उजाड दिसणाऱ्या शेतात तोडलेल्या झाडांची खोडं जमिनीखाली जिवंत आहेत. रोपं लावण्यापेक्षा त्यांचे फुटवे छाटून वाढवले की झाड परत येतं. दोघांनाही २०१८ मध्ये राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. नायजरमध्ये सुमारे पन्नास लाख हेक्टरवर अशी झाडी परतल्याचा अंदाज आहे. कवळं तोडणाऱ्या रत्नागिरीच्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. ऐन-किंजळ बुंध्याशी तोडले तरी पुन्हा फुटतात हे त्याच्या कोयतीला ठाऊक आहे. नायजरमध्ये फरक पडला तो हक्काने. झाडं सरकारची, ही समजूत मागे पडून ती आपली असं लोक मानू लागले, तेव्हा त्यांनी फुटवे राखले. सावाडोगोंच्या बाबतीत उलट घडलं: गावाशेजारचं शहर वाढलं, जमिनीचा कागद त्यांच्या नावे नव्हता, आणि त्यांनी वाढवलेल्या रानाच्या भागावर घरांचे भूखंड आखले गेले.

कागदाचा हा प्रश्न रत्नागिरीत अधिक गुंत्याचा आहे. इथे सातबारा असतो, आणि त्यावर नावंच नावं असतात. पणजोबाची जमीन, वाटणी तोंडी झालेली, वारस मुंबई, पुणे, आखातात पांगलेले; गुंठ्या-गुंठ्याला वीस-तीस सहहिस्सेदार. कर्ज, पीकविमा, अनुदान, विहीर, सगळ्याला संमतीच्या सह्या लागतात. विकायची वेळ आली की मात्र सह्या भराभर जमतात, हे नाणार आणि बारसूच्या परिसरात तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या आधी जमिनी घेत फिरलेल्या दलालांनी पुरतं ओळखलं होतं. नाणारची अधिसूचना २०१९ मध्ये रद्द झाली. बारसूच्या सड्यावर २०२३ च्या एप्रिलमध्ये बायका आडव्या पडल्या. प्रकल्प हवा की नको या वादात हे विचारायचं राहून गेलं की त्या जमिनीत पिकवणाऱ्या हातांपैकी सातबारावर नाव असलेले हात किती.

कारण पिकवणारे हात बायकांचे. लावणीपासून मळणीपर्यंत त्याच. कोकमं फोडून, रसात पुटं देत आमसुलं वाळवणाऱ्या त्याच, आगळ आणि सरबत भरणाऱ्या त्याच. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमालाही भौगोलिक मानांकन आहे. कोकमाच्या झाडाला फवारणी नाही, राखण नाही, परसाच्या सावलीत ते वाढतं, आणि पुष्कळ घरांत बाईच्या हाती थेट येणारा पैसा तेवढाच. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, तेव्हा विदर्भ-मराठवाड्यातल्या हजारो शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली. सरकारनेही १९९२ मध्ये त्याच नावाची योजना आणून सातबारावर पत्नीचं नाव चढवायची सोय केली. कोकणात ती फारशी रुजली नाही. इथे नवऱ्याचाच हिस्सा वेगळा झालेला नसतो. तो वेगळा करायचा तर आधी मोजणी, मोजणीला सगळ्या हिस्सेदारांना नोटिसा, आणि नोटिसा पाठवायला त्यांचे पत्ते हवेत. ते पत्ते गोळा करण्याचं कामही बहुतेक वाड्यांत त्या सुनेवरच पडतं, जिने सकाळी भात टोकलेलं असतं.